जँगो ॲडमिनमध्ये ‘मंजूर करा’ बटण: शिष्यवृत्ती अर्जांच्या स्थितीबदलाचे एक प्रकरण

## पार्श्वभूमी

शिष्यवृत्ती देणारी ही एक धर्मादाय संस्था. दर हंगामात तिच्याकडे काही हजार अर्ज येतात. विद्यार्थी बाहेरच्या फॉर्मवर अर्ज भरतो, पण त्यापुढचे सगळे काम जँगोच्या (पायथनमध्ये वेबसाइट बांधण्याच्या चौकटीच्या) ॲडमिनमधून, म्हणजे नोंदी हाताळण्याच्या तयार पानांमधून, चालते. स्वयंसेवक उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि पासबुकाची प्रत तपासतात. समितीचा समन्वयक मंजुरी नोंदवतो. लेखा विभाग एनईएफटीने रक्कम पाठवतो आणि यूटीआर क्रमांक (बँकेने त्या रक्कम-प्रेषणाला दिलेला ओळख क्रमांक) टाकतो. डेटाबेस पोस्टग्रेस.

अर्जाच्या मॉडेलमध्ये (डेटाबेसमधल्या तक्त्याच्या कोडमधल्या वर्णनात) ‘स्थिती’ नावाचा साधा मजकुराचा रकाना होता आणि त्याला पर्यायांची यादी जोडलेली होती. ॲडमिनने त्याचा ड्रॉपडाउन करून दिला आणि काम सुरू झाले. माणसे मोजकी होती तोवर ते निभावले, कारण कोणत्या टप्प्यानंतर कोणता टप्पा हा नियम माणसांच्या डोक्यात होता. सॉफ्टवेअरमध्ये तो कुठेच नव्हता.

याचे मूळ ॲडमिनच्या घडणीत आहे. जँगोची सुरुवात २००३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स इथल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाली आणि २००५ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. बातमीदार आणि संपादक या विश्वासातल्या लोकांना मजकूर भरता यावा, दुरुस्त करता यावा, म्हणून ॲडमिन घडला. म्हणून त्यातल्या परवानग्या नोंदीभोवती फिरतात: जोडणे, बदलणे, काढून टाकणे आणि २०१८ च्या २.१ आवृत्तीपासून नुसते पाहणे. ‘शिफारस करणे’, ‘मंजूर करणे’, ‘पैसे दिल्याची नोंद करणे’ हे तिथे तयार मिळत नाही, ते आपणच आणावे लागते.

## अडचण

तीन प्रकार वारंवार घडू लागले.

पहिला, उडी. त्रुटीत पडलेला अर्ज ड्रॉपडाउनमधून थेट ‘वितरित’ झाला. निवडणाऱ्याचा हात एका ओळीने चुकला होता, आणि यादीत सगळे पर्याय सगळ्यांना सदैव दिसत असल्याने अडवणारे काही नव्हते.

दुसरा, जुन्या टॅबचा. सकाळी एका स्वयंसेविकेने अर्ज उघडून ठेवला. दुपारी समन्वयकाने तो मंजूर केला. संध्याकाळी तिने त्याच टॅबमध्ये फक्त दूरध्वनी क्रमांक दुरुस्त करून ‘जतन करा’ दाबले आणि अर्ज मंजुरीतून पुन्हा छाननीत आला. ॲडमिनचा फॉर्म सगळ्या रकान्यांची किंमत पाठवतो, फक्त बदललेल्यांची नाही. त्या फॉर्ममधल्या ड्रॉपडाउनमध्ये सकाळची स्थितीच होती.

तिसरा प्रकार जास्त गंभीर. मंजुरीनंतर अर्जाखालच्या कागदपत्रांच्या यादीत उत्पन्नाचा दाखला बदलला गेला. कोणी, केव्हा, आधी कोणता होता, हे सांगता येईना. ॲडमिनचा इतिहास ‘स्थिती बदलली’, ‘कागदपत्र बदलले’ एवढेच नोंदवतो, जुनी आणि नवी किंमत ठेवत नाही. त्यात भर म्हणजे त्या इतिहासाच्या तक्त्याचा वापरकर्त्याशी असलेला दुवा ‘कॅस्केड’ प्रकारचा आहे. काम सोडून गेलेल्या माणसाचे खाते काढून टाकले की त्याने केलेल्या सगळ्या नोंदींचा इतिहासही जातो. इथे तसेच झाले होते. (खाते काढू नये, निष्क्रिय करावे, हे जँगोच्या दस्तऐवजांतही सांगितलेले आहे.)

## विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत स्वस्त उपाय ड्रॉपडाउनच आवरण्याचा होता. फॉर्मच्या ‘क्लीन’ पद्धतीत जुनी आणि नवी स्थिती ताडून पाहायची, बेकायदा उडी नाकारायची. हे अर्ध्या दिवसाचे काम. पण फॉर्मची तपासणी फक्त फॉर्ममधून येणाऱ्या बदलाला लागू होते. मॉडेलचे ‘सेव्ह’ आपणहून ‘फुल_क्लीन’ (मॉडेलची पूर्ण तपासणी) चालवत नाही. यादीतल्या घाऊक कृती, सीएसव्ही आयात करणारी स्क्रिप्ट आणि शेलमधला (थेट आज्ञा देण्याच्या खिडकीतला) ‘अपडेट’ या साऱ्यांना तो नियम माहीतच नसतो. समोरच्या दाराला कुलूप आणि मागच्या खिडक्या सताड उघड्या, असा तो बंदोबस्त झाला असता.

दुसरा पर्याय इंटरनेटवर सर्वाधिक सुचवला जातो: फॉर्मच्या तळाशी ‘जतन करा’शेजारी आणखी बटणे ठेवायची आणि ‘रिस्पॉन्स_चेंज’मध्ये (जतन झाल्यावर चालणाऱ्या पद्धतीत) कोणते बटण दाबले ते पाहून स्थिती बदलायची. यात दोन अडचणी दिसल्या आणि दोन्ही निर्णायक ठरल्या. ‘रिस्पॉन्स_चेंज’पर्यंत विनंती पोहोचते ती फॉर्म वैध असेल तेव्हाच. ज्या अर्जात आवश्यक माहिती नाही त्यालाच तर त्रुटी काढायची असते, आणि नेमका तोच फॉर्म वैध ठरत नाही. दुसरे, लेखा विभागाला अर्ज बदलण्याची परवानगी द्यायची नव्हती. त्यांनी फक्त पाहावे आणि रक्कम दिल्याची नोंद करावी. पण बदलाची परवानगी नसलेल्या माणसाने त्या पानावर पोस्ट केले (फॉर्म पाठवला) की ॲडमिन विनंती तिथेच नाकारतो. आपला कोड त्यानंतर येतो.

तिसरा, तयार लायब्ररी. ‘जँगो-एफएसएम’ हे या कामाचे जुने आणि चांगले साधन आहे. पुढे मूळ लेखकांचे काम ‘व्ह्यूफ्लो’मध्ये गेले आणि समुदायाने ‘जँगो-एफएसएम-२’ हा फाटा चालू ठेवला. मॉडेलच्या पद्धतीवर ‘कुठून’, ‘कुठे’, ‘अटी’ आणि ‘परवानगी’ लिहिता येते, ही त्याची मोठी सोय. दोन गोष्टी मात्र वापरण्याआधी माहीत हव्यात. पद्धत चालवल्याने स्थिती फक्त स्मृतीतल्या वस्तूत बदलते, ‘सेव्ह’ आपल्यालाच करावे लागते. आणि रकाना ‘प्रोटेक्टेड’ (थेट बदलण्यास बंद) ठेवला की ‘रिफ्रेश_फ्रॉम_डीबी’ (डेटाबेसमधून वस्तू पुन्हा वाचणे) अडखळू शकते, त्यासाठी वेगळे मिक्सिन (जोड-वर्ग) घ्यावे लागते. ॲडमिनसाठी पाहिलेले जोड-पॅकेज बटणे मूळ फॉर्मसोबतच पाठवत होते. म्हणजे दुसऱ्या पर्यायाच्या दोन्ही मर्यादा तशाच राहिल्या असत्या.

ॲडमिन सोडून वेगळ्या स्क्रीन बांधण्याचाही विचार झाला. तो पैशांअभावी बाजूला पडला.

निवड झाली ती अशी: नियम एका तक्त्यात, अंमल एकाच फंक्शनमध्ये, आणि ॲडमिनमध्ये प्रत्येक कृतीला स्वतंत्र पत्ता व पुष्टीचे पान. दहाएक बदल आणि एकच मॉडेल असताना लायब्ररीवाचून काही अडत नव्हते. चार-पाच मॉडेल्सना टप्पे लावायचे असते, तर लायब्ररी घेणेच शहाणपणाचे होते.

## बदलांचा तक्ता

कोड लिहिण्याआधी तक्ता कागदावर तयार झाला. छाननी, समिती आणि लेखा या तिन्ही टेबलांवरच्या माणसांना एकत्र बसवून तो भरला.

| कुठून | कृती | कुठे | कोण | अट |
|---|---|---|---|---|
| सादर | छाननीला घ्या | छाननीत | स्वयंसेवक | नाही |
| छाननीत | त्रुटी काढा | त्रुटी | स्वयंसेवक | शेरा सक्तीचा |
| त्रुटी | पूर्तता झाली | छाननीत | स्वयंसेवक | नवे कागदपत्र जोडलेले |
| छाननीत | शिफारस करा | शिफारस | स्वयंसेवक | सर्व कागदपत्रे तपासलेली |
| शिफारस | छाननीला परत | छाननीत | समन्वयक | शेरा सक्तीचा |
| शिफारस | मंजूर करा | मंजूर | समन्वयक | रक्कम भरलेली, शिफारस करणारी व्यक्ती वेगळी |
| छाननीत, शिफारस | नामंजूर करा | नामंजूर | समन्वयक | कारण सक्तीचे |
| मंजूर | मंजुरी मागे घ्या | शिफारस | समन्वयक | शेरा सक्तीचा |
| मंजूर | रक्कम दिली | वितरित | लेखा | यूटीआर क्रमांक |

यात ‘परत’ नेणाऱ्या ओळी किती आहेत ते पाहावे. पहिल्या कच्च्या आराखड्यात त्या नव्हत्याच, फक्त पुढे जाणारी सरळ रेघ होती. कचेरीच्या कामात फाईल मागे येणे हा अपवाद नसतो, तो रोजचा व्यवहार असतो. मागे जायची अधिकृत वाट ठेवली नाही तर लोक तंत्रज्ञाला फोन करून शेलमधून स्थिती बदलून घेतात, आणि मग सगळ्या नियमांवर पाणी पडते.

परवानगी आणि अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत. सुपरयूजरला (सर्व अधिकार असलेल्या खात्याला) ‘परवानगी आहे का’ या प्रश्नाचे उत्तर जँगो नेहमी ‘हो’ देतो. त्यामुळे ‘शिफारस करणाऱ्यानेच मंजुरी देऊ नये’ हा नियम परवानगीत घातला असता तर सुपरयूजरला तो लागूच झाला नसता. तो अटीत आहे, म्हणून सगळ्यांना लागू आहे.

परवानग्या मॉडेलच्या ‘मेटा’मध्ये लिहिल्या. तिथे एक खाचखळगा आहे. या परवानग्यांच्या ओळी डेटाबेसमध्ये तयार होतात त्या सगळी मायग्रेशन्स (डेटाबेसची रचना किंवा माहिती बदलणाऱ्या पायऱ्या) संपल्यावर, ‘पोस्ट_मायग्रेट’ संकेताने. त्याच फेरीतल्या डेटा मायग्रेशनमध्ये ‘समन्वयक’ गटाला ‘मंजूर करा’ परवानगी जोडायला गेले, तर रिकाम्या डेटाबेसवर ती सापडतच नाही. गट आणि परवानग्या जुळवण्याचे काम म्हणून एका वेगळ्या मॅनेजमेंट कमांडमध्ये ठेवले, आणि ती कमांड प्रत्येक तैनातीनंतर चालते.

## एकच फंक्शन

स्थिती बदलणारे फंक्शन एकच. त्याला अर्जाचा क्रमांक, कृतीचे नाव, वापरकर्ता आणि शेरा मिळतो. ते काम या क्रमाने करते: डेटाबेसचा व्यवहार उघडणे (त्यातले सगळे बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही), ‘सिलेक्ट_फॉर_अपडेट’ने अर्जाची ओळ कुलूपबंद करून ताजी वाचणे, तक्त्याप्रमाणे ‘कुठून’ जुळते का पाहणे, परवानगी, मग अट, मग स्थिती लिहिणे, त्याच व्यवहारात इतिहासाची ओळ टाकणे, आणि शेवटी ईमेलचे काम ‘ऑन_कमिट’वर, म्हणजे व्यवहार पक्का झाल्यानंतरसाठी, सोपवणे.

या क्रमात कुलूप आधी आणि तपासणी नंतर येणे महत्त्वाचे. उलटे केले तर दोन समन्वयकांच्या दोन विनंत्या दोघांनाही ‘शिफारस’ हीच स्थिती दाखवतात, दोन्ही तपासणीतून पार होतात, आणि विद्यार्थ्याला मंजुरीची दोन पत्रे जातात. एसक्यूलाइटवर (एका फाइलीत चालणाऱ्या हलक्या डेटाबेसवर) ‘सिलेक्ट_फॉर_अपडेट’चा काहीही परिणाम होत नाही, ते मुकाट्याने दुर्लक्षिले जाते. चाचण्या एसक्यूलाइटवर चालत असतील तर हा दोष चाचणीत कधीच दिसणार नाही. इथे चाचण्याही पोस्टग्रेसवर आणल्या.

ईमेल ‘ऑन_कमिट’वर का? व्यवहार पुढे कुठे फसून मागे फिरला, तर स्थिती मागे जाते, पण गेलेले पत्र मागे येत नाही. जँगोच्या नेहमीच्या ‘टेस्टकेस’मध्ये मात्र प्रत्येक चाचणी स्वतःच एका व्यवहारात चालते, त्यामुळे ‘ऑन_कमिट’चे काम कधीच चालत नाही आणि ‘पत्र गेले का’ ही चाचणी नापास होते. ३.२ आवृत्तीपासून मिळणारे ‘कॅप्चर_ऑन_कमिट_कॉलबॅक्स’ त्यासाठीच आहे.

इतिहासासाठी स्वतःचा तक्ता ठेवला: अर्ज, कृती, कुठून, कुठे, कोण, केव्हा, शेरा. वापरकर्त्याशी दुवा ‘प्रोटेक्ट’ प्रकारचा, म्हणजे इतिहास असलेले खाते काढूनच टाकता येत नाही. ॲडमिनच्या स्वतःच्या इतिहासातही ‘लॉग_चेंज’ने एक वाक्य टाकले, कारण लोकांना ‘इतिहास’ दुव्यावर टिचकी मारायची सवय होती.

## बटण कुठे, आणि कोणत्या विनंतीने

सगळ्यात जास्त चर्चा या भागावर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

पहिला मसुदा असा होता की फॉर्मच्या वर, सहज नजरेत येईल अशा जागी, ‘मंजूर करा’ हे सबमिट बटण ठेवायचे. चाचणीत एकाने रकमेच्या रकान्यात आकडा टाकून सवयीने एंटर दाबले आणि अर्ज मंजूर झाला. ब्राउझरचा नियमच तसा आहे: मजकुराच्या रकान्यात एंटर दाबले की फॉर्ममधले पानाच्या क्रमाने पहिले सबमिट बटण दाबल्यासारखे होते. ‘जतन करा’च्या आधी आपले बटण आले की एंटरचा अर्थ ‘मंजूर करा’ होतो.

मग बटणाला ‘फॉर्मॲक्शन’ देऊन वेगळ्या पत्त्यावर पाठवण्याची कल्पना पुढे आली. फॉर्ममध्ये दुसरा फॉर्म एचटीएमएलमध्ये चालत नाही, म्हणून ही पळवाट. पण तीही सोडली, कारण त्या बटणासोबत फॉर्ममधले न जतन केलेले बदल भलत्याच पत्त्यावर जातात आणि कोणालाही न कळता हरवतात.

शेवटी ठरले ते असे. पानाच्या वरच्या कोपऱ्यात, ‘इतिहास’ दुव्याशेजारी, त्या वापरकर्त्याला त्या क्षणी करता येण्याजोग्या कृतींचे दुवे. दुवा पुष्टीच्या पानावर नेतो. तिथे अर्जदाराचे नाव, जतन झालेली रक्कम, खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे, आणि कृतीनुसार शेऱ्याचा किंवा यूटीआर क्रमांकाचा रकाना. बदल होतो तो या पानावरच्या पोस्टनेच. दुव्यावर जाण्याने, म्हणजे गेट विनंतीने, काहीही बदलत नाही. जँगोने स्वतः ५.० आवृत्तीत गेट विनंतीने लॉगआउट करणे बंद केले, त्यामागेही हाच विचार आहे. जतन न केलेले बदल इथेही वाया जाऊ शकतात, पण पुष्टीच्या पानावर जतन झालेलीच रक्कम दिसत असल्याने चूक मंजुरीआधी लक्षात येते.

स्वतंत्र पानाचा आणखी एक फायदा आराखड्याच्या वेळी कोणी मोजला नव्हता. सत्र संपलेले असताना पोस्ट केले की ॲडमिन लॉगिनच्या पानावर पाठवतो आणि लॉगिननंतर त्याच पत्त्यावर गेटने परत आणतो. पत्ता फक्त पोस्ट स्वीकारणारा असता तर माणसासमोर ४०५ (‘ही विनंतीची पद्धत चालत नाही’) ही चूक आली असती. इथे पुष्टीचे पान पुन्हा उघडते आणि काम पुढे चालू राहते.

‘गेट_यूआरएल्स’मध्ये नवे पत्ते जोडताना ते मूळ यादीच्या आधी ठेवावे लागतात. ॲडमिनच्या यादीच्या शेवटी कोणताही मार्ग गिळणारा एक नमुना आहे. त्याच्यामागे ठेवलेला आपला पत्ता कधीच गाठला जात नाही, आणि ‘असा अर्ज अस्तित्वात नाही’ असा भलताच संदेश दिसतो. तसेच आपले व्ह्यू (विनंतीला उत्तर देणारी फंक्शन्स) ‘ॲडमिन_व्ह्यू’च्या आवरणात घातले, तरी ते आवरण फक्त एवढेच पाहते की माणूस सक्रिय कर्मचारी आहे. अर्जाची परवानगी आपल्यालाच तपासायची असते. ही ओळ विसरली तर दुसऱ्याच विभागातला कोणताही कर्मचारी पत्ता टाइप करून पुष्टीच्या पानावर विद्यार्थ्याची माहिती पाहू शकतो.

## गोठवणे

‘स्थिती’ रकाना ‘गेट_रीडओन्ली_फील्ड्स’मध्ये टाकला. असा रकाना फॉर्ममध्येच नसतो, म्हणून कोणी बनावट किंमत पाठवली तरी ती वाचली जात नाही. ‘लिस्ट_एडिटेबल’मधूनही (यादीतच बदलता येणाऱ्या रकान्यांतूनही) तो काढला. मंजुरीपासून पुढे रक्कम, खाते क्रमांक आणि आयएफएससीही वाचनापुरतेच राहतात.

कागदपत्रांची गळती मात्र याने थांबत नाही. मुख्य मॉडेलचे वाचनापुरते रकाने खालच्या इनलाइन तक्त्याला, म्हणजे कागदपत्रांच्या यादीला, लागू होत नाहीत. इनलाइनच्या वर्गात जोडणे, बदलणे आणि काढणे या तिन्ही परवानग्यांच्या पद्धती वेगळ्या लिहाव्या लागल्या. त्यांना मिळणारी वस्तू ही मूळ अर्जच असते, त्यामुळे त्याची स्थिती पाहून नकार देता येतो.

जुन्या टॅबची अडचण रकाना फॉर्मबाहेर गेल्याने जवळजवळ मिटली, पण पूर्ण नाही. पोस्ट आल्यावर ॲडमिन अर्ज वाचतो, त्यावर फॉर्म चढवतो आणि ‘सेव्ह’ करतो. ते ‘सेव्ह’ सगळे स्तंभ लिहिते, स्थितीसुद्धा. वाचणे आणि लिहिणे यांच्या मधल्या काही मिलिसेकंदांत मंजुरी झाली तर ती पुसली जाते. तासांची फट मिलिसेकंदांवर आली, तरी फट ती फटच. पोस्ट असताना ‘गेट_ऑब्जेक्ट’मध्येच ओळ कुलूपबंद करून ती बुजवली. बदलाचे पान पोस्टच्या वेळी आधीच व्यवहारात असते, त्यामुळे तिथे कुलूप घेता येते. जोडलेले तक्ते एकाच प्रश्नात ओढत असाल तर ‘ऑफ’मध्ये फक्त मूळ तक्त्याचे नाव द्यावे, नाहीतर रिकामे असू शकणाऱ्या जोडणीवर पोस्टग्रेस कुलूप नाकारतो.

## घाऊक कृती

स्वयंसेवकांना ‘छाननीला घ्या’ एकेक करून परवडणारे नव्हते. यादीतली घाऊक कृती ठेवली, पण ‘अपडेट’ने नाही. ‘अपडेट’ मॉडेलचे ‘सेव्ह’ही बोलावत नाही आणि संकेतही पाठवत नाही. कृती एकेका अर्जासाठी तेच एक फंक्शन बोलावते, प्रत्येकाचा व्यवहार वेगळा, आणि शेवटी ‘इतके झाले, इतके नाकारले, नाकारलेल्यांची कारणे ही’ असा संदेश. एक अर्ज अडला म्हणून बाकीचे अडत नाहीत.

‘सर्व निवडा’वर मर्यादा घालावी लागली. हजारो अर्ज एका विनंतीत घेतले तर गनिकॉर्नची (जँगो चालवणाऱ्या सर्व्हरची) ३० सेकंदांची मूळ मर्यादा ओलांडते आणि काम मध्येच तुटते. मंजुरी आणि वितरण यांना घाऊक कृती मुद्दाम दिली नाही. समन्वयकाने ती मागितली होती. नकार देण्याचे कारण असे की मंजुरीची अटच ‘अर्ज पाहिलेला आहे’ ही आहे, आणि चौकटींच्या रांगेवर टिचक्या मारल्याने अर्ज पाहिला जात नाही.

## जुनी माहिती

डेटाबेसमध्ये पर्यायांची यादी कधीच बंधनकारक नव्हती, कारण जँगो ती फक्त फॉर्मच्या आणि मॉडेलच्या (‘फुल_क्लीन’) तपासणीत पाहतो. जुन्या आयातीतून आलेले ‘मंजुर’, मागे मोकळी जागा असलेले ‘मंजूर ’, आणि रक्कमच नसलेले मंजूर अर्ज सापडले. लेखनातले फरक मायग्रेशनने दुरुस्त केले. रक्कम नसलेल्यांना हात लावला नाही, त्यांची यादी काढून लेखा विभागाला दिली. अंदाजाने भरलेली रक्कम ही रिकाम्या रकमेपेक्षा वाईट.

त्यानंतर ‘चेककन्स्ट्रेंट’ (डेटाबेस स्वतः पाळतो ते बंधन) घातले: स्थिती ठरलेल्या संकेतांपैकीच असावी, आणि मंजूर किंवा वितरित असेल तर रक्कम असावीच. रक्कम नसलेल्या जुन्या ओळी असताना दुसरे बंधन लावता येईना, म्हणून ते ‘नॉट व्हॅलिड’ प्रकारे जोडले. नव्या आणि बदलणाऱ्या ओळींना ते लगेच लागू होते, जुन्या ओळींची तपासणी साफसफाईनंतर वेगळ्या मायग्रेशनमध्ये होते. जँगो ४.० पासून पोस्टग्रेससाठी या दोन्ही पायऱ्या तयार मिळतात. नव्या आवृत्तीवर जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की ५.१ पासून या बंधनातल्या ‘चेक’ या नावाऐवजी ‘कंडिशन’ लिहायचे असते, आणि ६.० मध्ये जुने नाव चालत नाही.

## परिणाम

टप्प्यांवरून उड्या मारणे बंद झाले. ‘माझा अर्ज कुठे अडकलाय’ असा फोन आला की कोणत्या टेबलावर, कधीपासून, कोणत्या शेऱ्यासह हे इतिहासाच्या तक्त्यातून वाचून सांगता येते. सक्तीच्या शेऱ्यामुळे विद्यार्थ्याला जाणाऱ्या त्रुटीच्या पत्रात ‘कागदपत्रे अपूर्ण’ऐवजी नेमके काय हवे ते लिहिलेले असू लागले. विद्यार्थ्याच्या दृष्टीने या सगळ्या कामातला सर्वांत मोठा बदल हाच.

तक्रारी आल्या त्याही सांगायला हव्यात. एक टिचकी वाढली, ही पहिली. दुसरी जास्त रास्त होती: ‘छाननीत, अमुक जिल्हा’ अशी गाळलेली यादी उघडून एकामागून एक अर्ज हाताळणाऱ्याला कृतीनंतर यादी मूळ रूपात, गाळणीशिवाय परत मिळायची. ॲडमिन गाळण्या पत्त्यात सोबत नेतो, पण आपल्या स्वतंत्र पानावरून परत फिरताना ‘ॲड_प्रिझर्व्ह्ड_फिल्टर्स’ आपणच बोलवावे लागते. ते राहिले होते. एका ओळीची दुरुस्ती, पण ती होईपर्यंत स्वयंसेवक प्रत्येक अर्जानंतर गाळणी नव्याने लावत होते.

तक्त्यातली एक ओळ हंगाम सुरू झाल्यावर सापडली. खाते क्रमांक चुकला तर एनईएफटीचे पैसे बँकेकडून परत येतात. अर्ज ‘वितरित’ आणि पैसे संस्थेच्याच खात्यात, आणि बाहेर पडायला वाट नाही. ‘रक्कम परत आली’ ही कृती जोडली, वितरित ते मंजूर. पण मंजूर अर्जाचा खाते क्रमांक गोठलेला असल्याने तो दुरुस्त करता येईना. तात्पुरता मार्ग म्हणून मंजुरी मागे घेऊन, दुरुस्ती करून, पुन्हा मंजूर करण्याची सोय झाली. लेखा विभागाला तो द्राविडी प्राणायाम वाटतो, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे.

## काय वेगळे करता आले असते

अर्जाचा निर्णय आणि पैशांचा प्रवास हे दोन वेगळे रकाने हवे होते. एकाच ‘स्थिती’त दोन्ही कोंबल्यामुळेच पैसे परत आल्यावर मंजुरीला धक्का लागतो. निर्णयाची स्थिती ‘मंजूर’ इथे संपली असती आणि प्रत्येक रक्कम-प्रेषण ही स्वतंत्र नोंद असती (पाठवले, जमा झाले, परत आले), तर नव्या खात्यावर दुसरे प्रेषण एवढेच काम उरले असते. खाते क्रमांकही अर्जावर न गोठता प्रेषणावर गोठला असता.

इतिहासाचा तक्ता बटणांच्या आधी, वेगळ्या टप्प्यात आणता आला असता. ड्रॉपडाउन चालू असतानाच महिनाभर फक्त ‘कुठून कुठे’ नोंदवले असते, तर लोक प्रत्यक्षात कोणत्या वाटांनी जातात हे बैठकीतल्या आठवणीऐवजी नोंदींतून कळले असते. पैसे परत आल्याची वाट त्यात नक्की दिसली असती, कारण ‘वितरित’वरून मागे येणारे अर्ज तेव्हाही होते.

पुष्टीच्या पानात एक फट अजून आहे. समन्वयक ते पान उघडून रक्कम पाहतो. तो बटण दाबेपर्यंत कोणी रक्कम बदलली, तर स्थिती तीच असल्याने फंक्शनला काही वावगे दिसत नाही, आणि पाहिलेली रक्कम एक, मंजूर झालेली दुसरी असे होऊ शकते. अर्जावर वाढता आवृत्ती क्रमांक ठेवून तो पुष्टीच्या पानात लपवून पाठवायचा, आणि कुलूप घेतल्यावर ताडून पाहायचा, एवढा उपाय पुरतो. पुढच्या हंगामाच्या कामांत तो पैशांच्या वेगळ्या रकान्याच्याही आधी धरलेला आहे.